फरारी गुलामांचा प्रश्न आणि अमेरिकी यादवी युद्धाची पूर्वपीठिका (१७८७ ते १८६१)

बीजसंज्ञा : गुलामगिरी, फरारी गुलाम कायदा, घटक राज्यांचे अधिकार, संघराज्य, यादवी युद्ध

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला, ही गोष्ट मराठी वाचकांना सुपरिचित आहे. त्याच युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळून शहरातील अनेक घराणी धुळीस मिळाली, हाही इतिहास आपल्याकडे सांगितला जातो. मात्र हे युद्ध मुळात का उद्भवले, याविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांतील विवेचन सहसा एका ठराविक मार्गाने जाते. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत मळे, पश्चिमेकडील नव्या प्रदेशांवरून वाद, लिंकनची निवड आणि युद्ध असा हा क्रम असतो. तो चुकीचा नाही. परंतु उत्तरेतील जे बहुसंख्य गोरे नागरिक सत्तर वर्षे गुलामगिरीशेजारी निवांतपणे नांदले, ते १८५० नंतरच्या अवघ्या दहा वर्षांत तिच्याविरुद्ध इतके कसे बिथरले, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या क्रमातून मिळत नाही.

मराठीत या युद्धासाठी ‘यादवी’ हा शब्द रूढ झाला. प्रभासक्षेत्री यादवांनी आपापसांत लढून कुलक्षय ओढवून घेतला, त्या कथेतून तो आला आहे. शब्द अर्थवाही आहे. पण त्यातून एकाच कुळातील भाऊ परस्परांवर उठले एवढेच चित्र उभे राहते. त्या घरात राबणाऱ्या आणि कुळात न गणल्या गेलेल्या सुमारे चाळीस लाख माणसांचा या संघर्षात काय वाटा होता, हे त्या शब्दात मावत नाही. प्रस्तुत लेखात पळून जाणाऱ्या गुलामांच्या प्रश्नावर लक्ष केंद्रित केले आहे ते याच कारणासाठी. पश्चिमेकडील प्रदेशांच्या वादाने राजकीय पक्षांची फेरमांडणी केली. पण गुलामगिरी उत्तरेतील सामान्य माणसाच्या दारात आणून उभी केली ती पळून आलेल्या गुलामांनी आणि त्यांना परत नेण्यासाठी केलेल्या कायद्याने.

राज्यघटनेतील तडजोड

१७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे तयार झालेल्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही आढळत नाही. वस्तू मात्र तीन ठिकाणी आढळते. लोकप्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची पाच डोकी म्हणजे तीन माणसे धरावीत, गुलामांची आयात १८०८ पूर्वी बंद करू नये आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पळून गेलेली ‘सेवेस किंवा श्रमास बांधलेली व्यक्ती’ तिच्यावर हक्क सांगणाऱ्याच्या स्वाधीन करावी, अशा या तीन तरतुदी होत. शब्द टाळल्याने प्रश्न टळेल, अशी घटनाकारांपैकी अनेकांची समजूत असावी. यादवांनीही मुसळाचे चूर्ण करून समुद्रात टाकले होते.

तिसऱ्या तरतुदीत एक महत्त्वाची गोष्ट मोघम राहिली. पळालेल्या व्यक्तीला स्वाधीन कोणी करावयाचे? ती ज्या राज्यात सापडली त्या राज्याने, की संघराज्य शासनाने? १७९३ च्या कायद्याने मालकाला पळालेल्या गुलामास स्वतः पकडून न्यायाधीशापुढे उभे करण्याची मुभा दिली. परंतु ही कामगिरी पार पाडणारी यंत्रणा उभारली नाही. दरम्यान उत्तरेकडील राज्यांनी एकामागून एक आपापल्या सीमेत गुलामगिरी संपुष्टात आणली. कित्येक ठिकाणी ती अत्यंत संथपणे, गुलामांची मुले विशिष्ट वयाची झाल्यावरच मुक्त होतील अशा रीतीने संपली. त्यामुळे एकाच देशात एक नदी ओलांडली की माणसाची कायदेशीर जात बदलते, अशी स्थिती निर्माण झाली. ओहायो ही ती नदी होय.

कापूस आणि नकाशा

एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि आखूड धाग्याचा कापूस दक्षिणेच्या अंतर्भागात मोठ्या प्रमाणावर पिकवणे किफायतशीर झाले. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ३९ लाख ५० हजारांवर पोहोचली. त्या वेळी देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. गुलामगिरी हळूहळू आपोआप लोप पावेल, ही पहिल्या पिढीतील काहींची आशा याच आकड्यांनी फोल ठरवली.

नव्या प्रदेशांचा वाद सर्वज्ञात असल्याने त्याचा केवळ निर्देश पुरेसा आहे. १८२० च्या मिसुरी तडजोडीने ३६ अंश ३० कलांची रेषा आखली आणि मिसुरी गुलाम राज्य म्हणून, तर मेन मुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले. मेक्सिकोबरोबरच्या युद्धातून (१८४६ ते १८४८) प्रचंड भूभाग हाती आल्यावर ही रेषा अपुरी पडली. त्या भूभागात गुलामगिरी असू नये, असा विल्मट यांचा १८४६ चा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडला. पुढे १८५० मध्ये कायद्यांचा एक संच संमत झाला. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले, राजधानी वॉशिंग्टन येथील गुलामांचा व्यापार बंद झाला, न्यू मेक्सिको व युटा या प्रदेशांचा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपवला गेला. आणि या साऱ्याच्या बदल्यात दक्षिणेला एक नवा, कडक फरारी गुलाम कायदा मिळाला. समकालीनांना कॅलिफोर्नियाचा प्रश्न सर्वांत मोठा वाटला होता. पुढील दशकात रस्त्यांवर रक्त सांडले ते प्रथम या शेवटच्या कायद्यापायी.

१८५० चा कायदा : स्वरूप आणि कार्यपद्धती

व्हर्जिनियाचे सिनेटर जेम्स मेसन यांनी या कायद्याचा मसुदा तयार केला. त्यान्वये नेमलेल्या आयुक्तांपुढे मालकाने किंवा त्याच्या मुखत्याराने गुलामाचे वर्णन असलेला, आपल्या राज्यातील न्यायालयाकडून प्रमाणित केलेला कागद सादर केला की पुरावा पूर्ण झाला. ज्याच्यावर हक्क सांगितला जाई, त्या व्यक्तीची स्वतःची साक्ष ग्राह्य नव्हती. ज्युरी नव्हती. आयुक्ताने त्या व्यक्तीला गुलाम ठरवून परत पाठवले तर त्याला १० डॉलर शुल्क मिळे. सोडून दिले तर ५ डॉलर. परत पाठवण्याच्या प्रकरणात कागदोपत्री काम अधिक असते, असे त्याचे समर्थन केले गेले. हिशेब कदाचित खराही असेल. परंतु न्यायाची किंमत दुप्पट-निमपट ठरवणारे ते दोन आकडे उत्तरेतील वृत्तपत्रांनी आणि धर्मोपदेशकांनी घराघरांत पोहोचवले.

याहून दूरगामी तरतूद वेगळी होती. गुलामाला पकडताना संघराज्याचा मार्शल कोणत्याही उपस्थित नागरिकाला मदतीस बोलावू शके आणि कायद्याच्या तत्पर अंमलबजावणीस साहाय्य करणे हे सर्व ‘चांगल्या नागरिकांचे’ कर्तव्य ठरवले गेले. फरारी व्यक्तीला आसरा देणाऱ्यास किंवा तिच्या सुटकेस मदत करणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शके. म्हणजेच गुलामगिरीविषयी उदासीन राहण्याचा पर्यायच कायद्याने काढून घेतला. मॅसॅच्युसेट्समधील जो दुकानदार आजवर ‘ते त्यांचे, हे आमचे’ असे म्हणून मोकळा होत असे, त्याला पाठलाग करणाऱ्यांत सामील व्हा किंवा गुन्हेगार ठरा, असे सांगण्यात आले. कायद्याचे कर्ते धोरणी होते. तरी या एका बाबतीत त्यांचा अंदाज पूर्णतः चुकला असे म्हणावे लागते.

सर्वाधिक झळ अर्थातच उत्तरेतील कृष्णवर्णीयांना बसली. पळून येऊन दहा-पंधरा वर्षे उद्योगधंद्यात स्थिरावलेली माणसे तर यात आलीच. पण जन्मतः स्वतंत्र असलेल्यांनाही स्वतःच्या बाजूने बोलण्याची सोय नव्हती. हजारो लोक कॅनडात निघून गेले. काहींनी जाण्याचे नाकारले. सप्टेंबर १८५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील क्रिस्टियाना येथे मेरीलँडचा मळेवाला एडवर्ड गॉर्सच आपले पळालेले गुलाम परत नेण्यासाठी आला. विल्यम पार्कर या, स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या तरुणाच्या घरात शस्त्रे घेऊन बसलेल्या मंडळींशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. संघराज्य शासनाने ३८ जणांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. पहिल्या आरोपीला ज्युरीने निर्दोष सोडल्यावर सर्वच खटला बारगळला. पार्कर तोवर फ्रेडरिक डग्लस यांच्या साहाय्याने कॅनडात पोहोचला होता. ज्यांना कायद्याने बोलण्याचाही अधिकार दिला नव्हता, त्यांनी प्रश्नाला दिलेले हे उत्तर होते. आणि दक्षिणेने ते बरोबर ऐकले.

वस्तुतः पळणाऱ्यांची संख्या फार मोठी नव्हती. १८५० च्या जनगणनेत सुमारे ३२ लाख गुलामांपैकी त्या वर्षात पळालेल्यांची नोंद १,०११ इतकी आहे. १८६० मध्ये ती ८०३ आहे. नोंदी अपुऱ्या होत्या असे मानले तरी प्रमाण अल्पच राहते. शिवाय निसटणे शक्य होते ते मुख्यतः मेरीलँड, व्हर्जिनिया, केंटकी अशा सीमेवरील राज्यांतून. ज्या दक्षिण कॅरोलिनातून उत्तरेपर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य होते, तिनेच या प्रश्नावर सर्वांत उच्चरवाने तक्रार केली. आर्थिक नुकसान हे या तक्रारीचे मूळ नव्हते. गुलाम आपल्या स्थितीत संतुष्ट आहेत, या दाव्यावर दक्षिणेची सारी नैतिक मांडणी उभी होती; पळून आलेला प्रत्येक माणूस त्या दाव्याचा चालता-बोलता प्रतिवाद होता. मालमत्ता स्वतःच्या पायांनी निघून जात नाही.

बोस्टन, १८५४

या कायद्याचा परिणाम एकाच प्रसंगातून पाहावयाचा असेल तर अँथनी बर्न्सचे प्रकरण निवडावे लागेल. व्हर्जिनियातील हा तरुण १८५४ च्या प्रारंभी रिचमंडहून जहाजात लपून बोस्टनला आला आणि एका कपड्यांच्या दुकानात काम करू लागला. त्याने भावाला पाठवलेले पत्र मालक चार्ल्स सटल याच्या हाती पडले व ठावठिकाणा उघड झाला. २४ मे रोजी चोरीच्या खोट्या आरोपाखाली त्याला अटक झाली. २६ मेच्या रात्री कृष्णवर्णीय व गोऱ्या नागरिकांच्या जमावाने न्यायालयाचे दार फोडण्याचा प्रयत्न केला. त्यात मार्शलचा एक माणूस ठार झाला, पण बर्न्स सुटला नाही. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी कायद्याची अंमलबजावणी कोणत्याही खर्चाने व्हावी, असा आदेश दिला. २ जून रोजी आयुक्त एडवर्ड लोरिंग यांनी बर्न्सला परत पाठवण्याचा निर्णय दिला.

त्या दिवशी एका माणसाला न्यायालयातून बंदरापर्यंत नेण्यासाठी सैनिक, मरीन दलाचे जवान आणि स्थानिक पलटणींचा पहारा लावावा लागला. सुमारे ५० हजार लोक दुतर्फा उभे होते. इमारतींवर काळी कापडे लावलेली होती. रस्त्यावर एक शवपेटी टांगली होती आणि तिच्यावर ‘स्वातंत्र्य’ असे लिहिले होते. क्रांतियुद्धाचा वारसा अभिमानाने मिरवणाऱ्या बोस्टनच्या रहिवाशांनी आपल्याच सरकारच्या संगिनी आपल्यावर रोखलेल्या पाहिल्या. कापडगिरण्यांचे मालक अमोस लॉरेन्स यांच्यासारखे दक्षिणेच्या कापसावर व्यवसाय चालवणारे, तडजोडीचे पुरस्कर्तेही या प्रसंगानंतर दास्यविमोचनवाद्यांच्या बाजूस झुकले. भाषणांनी व पत्रकांनी वीस वर्षांत जे साधले नव्हते, ते या मिरवणुकीने साधले.

त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली आणि १८२० ची रेषा पुसली गेली. दोन्ही घटना एकत्र वाचल्यासच १८५४ मधील उत्तरेचा क्षोभ आणि त्यातून झालेला रिपब्लिकन पक्षाचा उदय समजू शकतो. बर्न्सचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे. १८५५ मध्ये बोस्टनच्या कृष्णवर्णीय चर्चचे धर्मगुरू लिओनार्ड ग्राइम्स यांच्या पुढाकाराने वर्गणी जमवून १,३०० डॉलरना त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले गेले. त्याने ओबर्लिन येथे शिक्षण घेतले व कॅनडात धर्मोपदेशक म्हणून काम करीत असता १८६२ मध्ये त्याचे निधन झाले. लोरिंग यांना मॅसॅच्युसेट्सने १८५८ मध्ये राज्याच्या न्यायिक पदावरून दूर केले.

घटक राज्यांचे अधिकार : भूमिकांची अदलाबदल

यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे तर घटक राज्यांच्या अधिकारांवरून झाले, असे प्रतिपादन युद्धोत्तर काळात दक्षिणेत जोमाने झाले आणि ते आजही अधूनमधून ऐकू येते. १८५० च्या दशकातील कायदेशीर वाद पाहिले असता हे प्रतिपादन टिकत नाही. त्या दशकात घटक राज्यांच्या अधिकारांचा आधार घेतला तो प्रामुख्याने उत्तरेने.

सर्वोच्च न्यायालयाने १८४२ मध्ये प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया या खटल्यात मालकांचा हक्क मान्य केला; मात्र तो बजावण्याचे काम संघराज्याचे असून राज्यांच्या अधिकाऱ्यांवर त्याची सक्ती नाही, असेही सूचित केले. उत्तरेकडील राज्यांनी या फटीचा पुरेपूर उपयोग करून ‘व्यक्तिस्वातंत्र्य कायदे’ केले. राज्याचे तुरुंग वापरू द्यावयाचे नाहीत, अधिकाऱ्यांनी मदत करावयाची नाही, अटक झालेल्यास ज्युरी मिळावी, अशा त्यांच्या तरतुदी होत्या. विस्कॉन्सिन आणखी पुढे गेले. मार्च १८५४ मध्ये जोशुआ ग्लोव्हर या फरारी गुलामाला मिलवॉकीच्या तुरुंगातून जमावाने सोडवले. त्याबद्दल संपादक शर्मन बूथ यांच्यावर कारवाई झाली, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संघराज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये मुख्य न्यायाधीश रॉजर टॅनी यांच्या न्यायालयाने एकमताने हा निर्णय फिरवला. म्हणजे संघराज्याचे सार्वभौमत्व ठासून सांगत होते ते दक्षिणेच्या मताचे न्यायाधीश, आणि संघराज्याचा कायदा धुडकावीत होते ते उत्तरेकडील राज्य! १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलिनाने जकातीसंबंधी घेतलेली भूमिका आठवल्यास हा पालट किती संपूर्ण होता, हे ध्यानात येते.

टॅनी यांचाच ६ मार्च १८५७ चा ड्रेड स्कॉट निर्णय अधिक प्रसिद्ध आहे. कृष्णवर्णीय व्यक्ती, मग ती स्वतंत्र असो वा गुलाम, अमेरिकेची नागरिक होऊ शकत नाही आणि काँग्रेसला कोणत्याही प्रदेशात गुलामगिरीस बंदी करण्याचा अधिकार नाही, असे त्यात म्हटले होते. दोन विरुद्ध सात मतांनी दिलेल्या या निर्णयाने रिपब्लिकन पक्षाचा मूळ कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला. पुढची पायरी कोणती, अशी धास्ती उत्तरेत पसरली. न्यूयॉर्कमध्ये १८५२ साली जहाज बदलण्यासाठी उतरलेल्या लेमन कुटुंबाच्या आठ गुलामांना राज्याच्या न्यायाधीशाने मुक्त केले होते आणि १८६० मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ते उचलून धरले. हे प्रकरण टॅनी यांच्यापुढे गेले असते तर मुक्त राज्यांतूनही गुलाम घेऊन फिरण्याचा हक्क मान्य झाला असता, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. लिंकन यांनी जून १८५८ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे दुभंगलेल्या घरासंबंधी केलेले भाषण याच पार्श्वभूमीवर वाचावयास हवे.

कॅन्ससमधील हिंसाचार, मे १८५६ मध्ये सिनेटच्या सभागृहात चार्ल्स सम्नर यांना झालेली मारहाण, ऑक्टोबर १८५९ मधील जॉन ब्राउनचा हार्पर्स फेरीवरील हल्ला या घटनांनी उरलासुरला विश्वास संपवला. १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष फुटला, तो सर्व प्रदेशांत गुलामगिरीला संघराज्याने कायद्याचे संरक्षण द्यावे या दक्षिणेच्या मागणीवरून. येथेही मागणी केंद्राच्या हस्तक्षेपाचीच होती. परिणामी सुमारे ४० टक्के मते मिळवून आणि दक्षिणेतील दहा राज्यांत मतपत्रिकेवर नावही नसताना लिंकन निवडून आले.

दक्षिण कॅरोलिनाचे निवेदन

२० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडली आणि चार दिवसांनी तिने त्याची कारणे देणारे निवेदन स्वीकारले. निवेदनाचा पूर्वार्ध राज्यांच्या सार्वभौमत्वाचे तात्त्विक विवेचन करतो. प्रत्यक्ष तक्रार सुरू होते ती घटनेतील फरारी व्यक्तींच्या तरतुदीपासून. उत्तरेकडील १३ राज्यांची नावे घेऊन, त्यांनी ही तरतूद निष्फळ करणारे कायदे केल्याचा आरोप त्यात आहे. न्यूयॉर्कने गुलामांसह प्रवास करण्याचा हक्क नाकारला, हीदेखील तक्रार आहे. ‘आमचे अधिकार काढून घेतले’ असे म्हणण्यापेक्षा ‘त्यांनी त्यांचे अधिकार वापरले’ असेच हे निवेदन म्हणते. मिसिसिपीच्या निवेदनात तर सुरुवातीलाच आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप असल्याचे नमूद केले आहे. मार्च १८६१ मध्ये नव्या महासंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना येथील भाषणात वांशिक विषमता हाच नव्या शासनाचा पाया असल्याचे सांगितले. नंतरच्या पिढ्यांनी जे झाकण्याचा प्रयत्न केला, ते त्या पिढीने लपवले नव्हते.

फोर्ट मन्रो, मे १८६१

१२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि व्हर्जिनियासह आणखी चार राज्ये महासंघास मिळाली. व्हर्जिनियाच्या मतदारांनी २३ मे रोजी या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून संघराज्याच्या ताब्यातील फोर्ट मन्रो या किल्ल्यात आले. महासंघाच्या सैन्यासाठी तोफखान्याचे बांधकाम करण्यास त्यांना जुंपले होते. दुसऱ्या दिवशी मेजर जॉन बी. कॅरी पांढरे निशाण घेऊन किल्ल्याकडे आले आणि फरारी गुलाम कायद्यानुसार तिघांना परत मिळावे, अशी त्यांनी मागणी केली.

किल्ल्याचे प्रमुख जनरल बेंजामिन बटलर हे मॅसॅच्युसेट्सचे वकील होते. ते दास्यविमोचनवादी नव्हते. आदल्या वर्षी पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी जेफर्सन डेव्हिस यांनाच उमेदवारी मिळावी म्हणून ५७ वेळा मत दिले होते. व्हर्जिनिया आपण परके राष्ट्र असल्याचे म्हणते, तेव्हा परक्या राष्ट्राला अमेरिकेचा कायदा लागू होत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. मालकाने संघराज्याशी निष्ठेची शपथ घेतल्यास मात्र तिघांना परत करण्याची तयारी त्यांनी दर्शवली. अशी शपथ कोणी घेतली नाही. शत्रूच्या युद्धकार्यात वापरलेली मालमत्ता जप्त करता येते, या नियमाने बटलर यांनी त्यांना ठेवून घेतले. बातमी आसपासच्या मळ्यांवर पोहोचण्यास वेळ लागला नाही. जुलैअखेरीस त्या किल्ल्याच्या आश्रयाला सुमारे ९०० स्त्रिया, पुरुष व मुले आलेली होती.